ढगात पेरायचा माल : मीठ, सिल्व्हर आयोडाइड आणि पावसाचा हिशेब

आपल्या वर्धा जिल्ह्यात कापडाचा बाजार पावसाच्या भरवशावर चालतो, हे कोणत्याही दुकानदाराला सांगावे लागत नाही. जूनमध्ये पेरणी साधली, जुलैत पाऊस लागून राहिला आणि पऱ्हाटी बोंडावर आली, की दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या मालाची ऑर्डर दुकानदार बिनघोर देतो. पावसाने पंधरा-वीस दिवस दडी मारली, की आधी उधारीची वसुली थांबते, मग गिऱ्हाईक थांबते. दुबार पेरणीची पाळी आली तर शेतकऱ्याच्या हातातला पैसा बियाण्यात जातो आणि पोळ्याचा बाजार कोरडा जातो.

अशा वेळी एक मागणी हमखास ऐकू येते. सरकारने विमान पाठवून कृत्रिम पाऊस पाडावा! हिंगणघाटपासून आर्वीपर्यंत ही मागणी होते आणि ती करणाऱ्यात आपले व्यापारी बंधूही असतात. मागणी करायला हरकत नाही. पण कोणताही माल घेण्यापूर्वी तो कशाचा आहे, काय काम करतो आणि काय भावाने पडतो, हे पाहण्याची व्यापाऱ्याला सवय असते. हीच नजर या ढगात पेरायच्या मालावरही टाकू या.

ढगात पाणी असून पाऊस का पडत नाही?

ढग म्हणजे पाण्याच्या अतिशय बारीक थेंबांचा समूह. हा थेंब किती बारीक? साधारण २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. आपल्या कापसाच्या एका तंतूची जाडीही जवळपास एवढीच असते. एवढा हलका थेंब खाली पडत नाही. खालून वर येणारी हवा त्याला सहज तोलून धरते. जमिनीवर पोहोचणारा पावसाचा थेंब साधारण दोन मिलिमीटरचा असतो. असा एक थेंब तयार व्हायला ढगातले सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात.

ढगातला प्रत्येक थेंब कशाच्या तरी भोवती तयार होतो. हवेत धुळीचे, धुराचे, समुद्राच्या मिठाचे कण असतात. त्या कणांवर वाफ जमते. कण फार आणि फार बारीक असतील तर ढगातले पाणी त्या सगळ्यांत वाटले जाते. प्रत्येकाच्या वाट्याला थोडे थोडे येते आणि कोणताच थेंब मोठा होत नाही. एका थानाचे हजार तुकडे केले तर कुणाचाही सदरा होत नाही, तसेच हे आहे. असा ढग आपल्या डोक्यावरून निघून जातो किंवा हवेतच विरतो.

ढगात बाहेरून माल पेरण्याचा हेतू एवढाच, की काही थेंब इतरांपेक्षा लवकर मोठे व्हावेत आणि त्यांनी बाकीचे थेंब गोळा करीत खाली यावे. त्यासाठी माल दोन प्रकारचा लागतो, कारण ढगही दोन प्रकारचे आहेत.

पहिला माल : मीठ

पावसाळ्यात आपल्या आकाशात सुमारे पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशावर येते. ज्या ढगाचा माथा या उंचीच्या खाली आहे, त्यात बर्फ नसतो. त्याला उष्ण ढग म्हणतात. या ढगासाठी मीठ वापरतात.

मीठ पाणी ओढून घेते, हे घरातल्या बरणीवरूनच कळते. श्रावणात झाकण उघडे राहिले की मिठाला पाणी सुटते. ढगाच्या तळाशी मिठाचे बारीक कण सोडले तर ते वर चढणाऱ्या हवेबरोबर आत जातात, वाफ ओढतात आणि आजूबाजूच्या थेंबांपेक्षा मोठे थेंब तयार करतात. मोठा थेंब खाली येताना लहान थेंबांना धडकतो, त्यांना आपल्यात घेतो आणि आणखी मोठा होतो.

या कामासाठी तीन क्षार वापरात आहेत. एक आपले रोजचे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. दुसरे पोटॅशियम क्लोराइड. तिसरे कॅल्शियम क्लोराइड. हे तिसरे पाणी ओढण्यात इतके तेज आहे, की उघड्यावर ठेवले तर स्वतःच विरघळून जाते. मात्र कण कोणत्या मापाचा आहे, यावर सगळे अवलंबून आहे. फार मोठा असेल तर तो खालीच पडतो. फार बारीक असेल तर ढगात आधीच असलेल्या गर्दीत भर घालतो आणि पाऊस वाढण्याऐवजी अडतो.

पूर्वी दळलेले मीठ विमानातून थेट टाकत. दमट हवेत मिठाचे गोळे होतात. म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बारामतीच्या प्रयोगात दहा भाग मिठाला एक भाग संगजिऱ्याची भुकटी मिसळली होती. संगजिरे आपल्या धंद्याला नवे नाही. शिंप्याचा खडू याच जातीच्या दगडाचा असतो. आता मिठाचा क्षार दारूकामासारख्या नळकांडीत भरतात. नळकांडी विमानाच्या पंखाला लावतात आणि ढगाच्या तळाशी पेटवतात. धुराबरोबर हव्या त्या मापाचे कण बाहेर पडतात.

दुसरा माल : सिल्व्हर आयोडाइड

जो ढग पाच किलोमीटरच्या वर चढतो, त्याच्या माथ्याकडे तापमान शून्याखाली जाते. पण तेथले सगळे पाणी लगेच गोठत नाही. शुद्ध पाण्याचे बारीक थेंब उणे पंधरा-वीस अंशांतही पाणीच राहू शकतात. गोठायला त्यांना एखादा कण लागतो, ज्याच्यावर बर्फाचा स्फटिक बसेल. असा स्फटिक एकदा तयार झाला की आजूबाजूची वाफ त्याच्याकडे धाव घेते, तो झपाट्याने वाढतो आणि जड होऊन खाली येतो. खाली उष्ण हवेत वितळून त्याचाच पाऊस होतो.

हा शोध १९४६ सालचा आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत व्हिन्सेंट शेफर यांनी थंड पेटीतल्या धुक्यात कोरडा बर्फ टाकला आणि क्षणात बर्फाचे स्फटिक चमकू लागले. कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचे तापमान उणे ७८ अंश असते. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला शेफर यांनी विमानातून खऱ्या ढगावर हा प्रयोग केला. त्यांचे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यांनी वेगळा विचार केला. ज्याच्या स्फटिकाची घडण बर्फासारखी आहे असा पदार्थ त्यांनी शोधला आणि तो निघाला सिल्व्हर आयोडाइड.

सिल्व्हर आयोडाइड म्हणजे चांदी आणि आयोडीन यांचे संयुग. जुन्या फोटोच्या फिल्मवर चांदीची जी संयुगे असत, त्यांच्याच कुळातले हे. चांदीचे नाव ऐकून माल फार लागत असेल असे वाटते, पण हकीकत उलट आहे. एक ग्रॅम सिल्व्हर आयोडाइड नीट जाळले तर लाखो कोटी कण तयार होतात. अट एकच. ढगातले तापमान उणे पाच अंशांच्या आसपास किंवा त्याखाली पाहिजे आणि तेथे न गोठलेले पाणी पाहिजे. उष्ण ढगात हा माल टाकला तर चांदी फुकट गेली समजा.

महाराष्ट्राने आतापर्यंत काय केले?

आपले राज्य या कामात नवशिके नाही. १९५१ साली टाटांच्या कंपनीने पश्चिम घाटात जमिनीवरून सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडून प्रयोग केला होता. देशातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी तो एक. त्यानंतर १९५७ ते १९६६ या काळात दिल्ली, आग्रा आणि जयपूर येथे जमिनीवरूनच मीठ हवेत सोडण्याचे प्रयोग झाले.

सर्वांत चिकाटीचे काम बारामतीला झाले. १९७३ ते १९८६ दरम्यान अकरा पावसाळे पुण्याच्या संस्थेने विमानातून मीठ पेरले. प्रदेशाचे दोन भाग पाडून कोणत्या दिवशी कोणत्या भागात पेरायचे, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले जाई. त्यामुळे मनासारखा ढग निवडून यश दाखवण्याला वाव राहिला नाही. निष्कर्ष निघाला की पेरलेल्या भागात सुमारे २४ टक्के पाऊस अधिक झाला.

पण याच कामातून दुसरी एक गोष्ट समजली आणि ती व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. ज्या ढगाची जाडी एक किलोमीटरपेक्षा जास्त होती आणि ज्यात पाणी पुरेसे होते, तेथे फायदा झाला. जे ढग पातळ होते, ते पेरणीनंतर विरून जाण्याकडे झुकले. म्हणजे चुकीच्या ढगात माल टाकला तर नुसता खर्चच वाया जातो असे नाही, असलेला ढगही हातचा जाऊ शकतो.

नंतरचे प्रयत्न दुष्काळाच्या दबावाखाली झाले. २००३ साली राज्य सरकारने अमेरिकन कंपनीच्या मदतीने पाऊस पाडण्याचा कार्यक्रम घेतला. २०१५ साली मराठवाड्यासाठी सुमारे २७ कोटी रुपयांचा कार्यक्रम झाला आणि औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) रडार बसवून विमाने उडवली गेली. २०१९ साली राज्य मंत्रिमंडळाने ३० कोटी रुपये मंजूर केले आणि ऑगस्टमध्ये औरंगाबादहून उड्डाणे सुरू झाली. या कार्यक्रमांत पाऊस पडला त्या दिवशी तो मालामुळे पडला की पडणारच होता, हा वाद कायम राहिला. पेरलेल्या ढगाशेजारी तसाच न पेरलेला ढग मोजल्याशिवाय हा वाद मिटत नाही.

तशी मोजणी सोलापूरला झाली. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या त्याच संस्थेने २७६ ढग निवडले. काही पेरले, काही तसेच सोडले आणि रडार व पर्जन्यमापकांनी फरक पाहिला. येथे कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या वापरल्या. निकाल असा आला, की पेरलेल्या जागेच्या पुढे वाऱ्याच्या दिशेने सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के पाऊस अधिक झाला. दोन वर्षांत मिळालेले जादा पाणी ८६ कोटी ७० लाख लिटर आणि खर्च लिटरला १८ पैसे.

आता भाव पाहू

१८ पैसे ऐकून माणूस खूश होतो. बाटलीच्या पाण्याशी तुलना केली तर हे फुकटच वाटते. पण ठोक गिऱ्हाईक चिल्लर भावाने फसत नाही. थोडा हिशेब करू.

एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४ हजार लिटर पाणी. पऱ्हाटीला एक चांगली सर हवी असेल तर किमान २५ मिलिमीटर धरा. म्हणजे एकरी सुमारे एक लाख लिटर. १८ पैशांनी त्याची किंमत होते १८ हजार रुपये, आणि तीही एकाच पाण्याची. हा भाव कापसाला परवडत नाही, हे सांगायला मुनीम बोलवावा लागणार नाही.

दुसरा हिशेब. सोलापूरचे दोन वर्षांचे ८६ कोटी ७० लाख लिटर पाणी आपल्या वर्धा जिल्ह्यावर सारखे पसरले तर किती होईल? जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर. भागाकार केला की एका मिलिमीटरचा सातवा भाग हाती येतो. जमिनीची धूळही बसणार नाही. १८ टक्के हा आकडाही पेरलेल्या ढगाच्या जवळच्या १०० चौरस किलोमीटरचा आहे. जिल्ह्याच्या वर्षभराच्या पावसात १८ टक्क्यांची भर पडते, असा त्याचा अर्थ नाही.

तिसरा हिशेब मात्र या मालाच्या बाजूचा आहे. दहा हजार लिटरच्या टँकरचे पाणी या भावाने १,८०० रुपयांचे होते. दुष्काळात लांबून टँकर आणायचा तर खर्च याच घरात जातो. म्हणून पाणी धरणाच्या पाणलोटावर पडले, साठले आणि पिण्याला लागले, तर विचार करण्यासारखा हा सौदा आहे. अर्थात पडलेले सगळेच पाणी धरणात येत नाही. काही जमिनीत मुरते, काही उडून जाते, तेवढी तूट धरावी लागेल. विमान देशी असेल तर खर्च निम्म्याहून खाली येऊ शकतो, असेही शास्त्रज्ञांनी सांगितले आहे. शिवाय हे आकडे सोलापूरच्या पर्जन्यछायेतल्या ढगांचे आहेत. बंगालच्या उपसागरावरून विदर्भात येणाऱ्या ढगांवर ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

अफवा आणि शंका

या विषयात अफवांचा बाजारही तेज असतो. एप्रिल २०२४ मध्ये दुबई आणि अल ऐनला पूर आला. अल ऐन भागात एका दिवसात अडीचशे मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला. आपल्याकडील अनेक घरांतली मुले आखाती देशांत कामाला आहेत, त्यामुळे फोनवर फोन आले आणि ढगात मीठ पेरल्याने पूर आला अशी बातमी पसरली. अमिरातीत मिठाच्या नळकांड्या वापरून ढग पेरण्याचे काम नियमित चालते, हे खरे. पण त्या वादळात पेरणी केली नव्हती, असे तेथील हवामान केंद्राने स्पष्ट केले. ते वादळच फार मोठे होते. ढगांच्या छोट्या गटातून काही टक्के जादा पाऊस काढणारा माल एवढा पूर आणू शकत नाही.

उलटे उदाहरण दिल्लीचे. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी हवा स्वच्छ करण्यासाठी आयआयटी कानपूरच्या पथकाने दिल्लीवर नळकांड्या पेटवल्या. त्यात सुमारे २० टक्के सिल्व्हर आयोडाइड आणि बाकी मीठ होते. विमान ठीक होते, माल ठीक होता. पण ढगांत ओलावा १५ टक्क्यांपर्यंतच होता आणि सांगण्यासारखा पाऊस झाला नाही. गोदाम रिकामे असेल तर उत्तम विक्रेता तरी काय विकणार?

हा माल अंगाला, पिकाला बाधतो का, अशीही शंका विचारली जाते. सिल्व्हर आयोडाइड पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि लागते ते ग्रॅममध्ये. पिण्याच्या पाण्यात चांदीची मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. पेरलेल्या ढगांच्या पावसात आढळणारी चांदी तिच्यापेक्षा खूप कमी असते. मिठाचे तर काही किलो कोट्यवधी लिटर पाण्यात मिसळतात. त्याने वावर खारट होत नाही.

वावरात मोठा जाळ करून त्यात मीठ टाकले तर पाऊस येतो, असेही काही जण सांगतात. तसे प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत. पण जमिनीवरून निघालेला कण ढगाच्या तळापर्यंत पोहोचेल याची खात्री नसते. वर कोणता ढग आहे, हवा वर चढते आहे का, कण कोणत्या मापाचा निघाला, यातले काहीही त्या जाळाजवळ उभे राहून मोजता येत नाही.

कुदरतीच्या कामात ही दखल तर नव्हे, असे आपल्या वाचकांपैकी कोणी विचारील. ढग माणूस आणत नाही, तो अल्लाहच्या हुकमाने येतो. शेतकरी जमिनीत बी टाकतो तेवढीच ही मेहनत आहे.

आपण काय मागावे?

सगळ्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर, हा माल पाऊस बनवत नाही, ढगात असलेल्या पावसापैकी थोडा अधिक खाली उतरवतो. म्हणूनच आभाळ कोरडे पडल्यावर ऑगस्टमध्ये विमानासाठी मोर्चा काढणे म्हणजे हंगाम संपल्यावर माल भरणे होय. ढग भरून येतात तेव्हा पेरायचे आणि पाणी धरणात साठवायचे, हा या कामाचा क्रम आहे. फुलकोबीसारखा फुगलेला ढग बहुधा अर्ध्या-पाऊण तासात विरतो. तेवढ्या वेळात विमान तेथे पोहोचायला हवे. म्हणजे रडार, विमान, वैमानिक आणि नळकांड्या जूनच्या आधी तयार पाहिजेत. नागपूरला हवामान खात्याचे डॉप्लर रडार आहेच, त्याचा उपयोग करून घेता येईल.

व्यापारी संघटनांनी निवेदन द्यायचे असेल तर त्यात चार गोष्टी स्पष्ट मागाव्यात. एक, पेरणी बोर, धाम आणि निम्न वर्धा अशा धरणांच्या पाणलोटावर व्हावी, म्हणजे पडलेले पाणी टिकेल. दोन, कोणत्या ढगात कोणता क्षार टाकला, तेथे तापमान आणि पाणी किती होते, याची नोंद जाहीर व्हावी. तीन, पेरलेल्या आणि न पेरलेल्या ढगांची तुलना कंत्राटदाराने न करता बाहेरच्या शास्त्रज्ञांनी करावी. चार, खर्च किती झाला आणि जादा पाणी किती मिळाले, हे लिटरच्या भावात सांगावे. नुसते किती उड्डाणे झाली आणि किती नळकांड्या पेटल्या, याला हिशेब म्हणत नाहीत. दुकान किती तास उघडे होते यावरून गल्ला कळत नसतो.

आणि पाचवी गोष्ट सरकारबरोबर आपणही करण्यासारखी आहे. आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एकरी चाळीस लाख लिटर पाणी दरवर्षी आपोआप येते आणि त्यातले बरेच नाल्याने वाहून जाते. शेततळे, बांध, नाल्याचा गाळ काढणे, विहिरीचे पुनर्भरण ही कामे दिसायला साधी आहेत. पण त्यात अडवलेले पाणी जुलैच्या उघडीत एका ओलिताला कामी येते. ज्या गावच्या शेतकऱ्याला असे एक पाणी देता आले, त्याची पऱ्हाटी वाचते आणि त्याची उधारीही वेळेवर वसूल होते. विमानाची मागणी जरूर करावी, पण आधी आलेला माल सांभाळावा.